भावी मेंटेनन्स इन्चार्ज

काम करणारा माणूस आणि काम करताना दिसणारा माणूस हे दोन वेगळे प्राणी असून प्रगती फक्त दुसऱ्याची होते, ही गोष्ट आता शास्त्रानेही मान्य केली आहे. (कोणत्या शास्त्राने, हे विचारू नये. विचारणारा माणूस पहिल्या प्रकारातला समजला जातो.)

केंदूरचा महेंद्र दुर्दैवाने पहिल्या प्रकारात जन्मला. कोरेगाव भीमाच्या पुढे, गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत तो मशीनच्या देखभालीला होता. त्याच्या सेक्शनमधली प्रेस मशीन बंद पडत नसत. बंद पडण्याच्या आधीच त्यांचं दुखणं त्याला कळे. मग तो ग्रीस भर, बोल्ट आवळ, बेअरिंग बदल, असलं काहीतरी गुपचूप उरकून टाकी. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा गंभीर दोष होता. मशीन बंद पडत नाही म्हटल्यावर साहेब सेक्शनमध्ये यायचे कशाला, आणि साहेब आलेच नाहीत तर त्यांना महेंद्र दिसायचा कसा? प्लँट हेड त्याला बरीच वर्षं कँटीनचा माणूस समजत होते आणि भेटला की भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार करत. तोही बापडा "बघतो सर" म्हणायचा.

शेजारच्या सेक्शनचा शेवाळे मात्र प्रगतीच्या वाटेवर होता. त्याची मशीन दर आठवड्याला बंद पडत. मग धावाधाव, फोनाफोनी, साहेबांच्या चकरा, आणि शेवटी घामाघूम शेवाळे मशीनच्या पोटातून बाहेर येऊन अंगठा दाखवी. लोक टाळ्या वाजवत. गेल्या दोन वर्षांत कंपनीने केलेले सगळे सत्कार त्याचे होते. (त्याच्या घरी शालींची इतकी थप्पी साठली होती, की बायकोने त्यांच्या गोधड्या शिवल्या.)

तर मार्चमध्ये मेंटेनन्स इन्चार्ज शंकरराव निवृत्त होणार होते. महेंद्रला त्या खुर्चीचा मोह नव्हता. त्याला हवी होती खुर्चीबरोबर मिळणारी जनरल शिफ्ट. तीन पाळ्यांच्या चक्रात त्याची लेक गौतमी त्याला बहुतेक वेळा झोपलेलीच दिसे. पोरगी पहिलीत गेली होती. बाप कोणत्या रंगाचा गणवेश घालतो हे तिला दोरीवर वाळत घातलेला बघून ठाऊक होतं. हे त्याला फार लागायचं. बायको रश्मीला तो म्हणाला, "एकदा इन्चार्ज झालो की रोज सांजच्याला घरी." रश्मी म्हणाली, "व्हा मग. कोन अडवतंय?"

अडवत होतं ते एवढंच, की त्याला ब्रँड नव्हता. हे निदान दौंडला झालं. तळेगाव ढमढेरे, न्हावरा, चौफुला असं करत तो दौंडच्या एका मंगल कार्यालयात 'स्वतःचा ब्रँड घडवा' या शिबिराला गेला. मार्गदर्शक सुदर्शन सर यांनी स्वतः सात नोकऱ्या सोडल्या होत्या, त्यामुळे नोकरीत पुढे कसं जावं यावर त्यांचा अधिकार मोठा होता. सरांनी सांगितलं, की तुम्ही दिसत नाही म्हणजे तुम्ही नाहीच. रोज सकाळी जगाला एक विचार द्या. चूक झाली तर तिला चूक म्हणू नका, 'शिकवण' म्हणा. स्वतःची स्तुती करण्याआधी 'नम्रपणे सांगू इच्छितो' हे शब्द घाला, म्हणजे ती नम्रता होते. आणि फोटोत हात छातीवर बांधा. (हात बांधलेल्या माणसाला काम करता येत नाही. म्हणूनच तो साहेब वाटतो.)

महेंद्र घरी आला आणि नोकरीवाल्या लोकांच्या साइटवर लिहू लागला. 'बेअरिंगने मला नेतृत्वाबद्दल काय शिकवलं' हा त्याचा पहिला लेख दोन जणांनी पसंत केला. एक सुदर्शन सर, दुसरा तो स्वतः. मग त्याने व्यवस्थित चालणाऱ्या मशीनचा व्हिडिओ टाकला. मशीन चालत होतं, चालत होतं, आणि चालतच होतं. ज्यांनी तो उघडला त्यांपैकी शंभर टक्के लोकांनी तो मध्येच बंद केला. (एकूण पाहणारे नऊ.)

त्याने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "लोकल विचार करा. तुमच्या भागातला माणूस कुठं बघतो?"

हा प्रश्न नगर रोडवर राहणाऱ्या माणसाला विचारायचा नसतो. आमच्या भागातला माणूस चौकातल्या फ्लेक्सकडे बघतो. महेंद्रचा मामेभाऊ सम्राट याचं शिक्रापूरला फ्लेक्सचंच दुकान होतं. वाढदिवस आठ दिवसांवर होता. योगच जुळून आला म्हणायचा.

"पद काय टाकू?" सम्राटने विचारलं.

"मेंटेनन्स इन्चार्ज. पर अजून झालो न्हाई."

"मग 'भावी'," सम्राट म्हणाला, आणि त्याने टाकलंसुद्धा. त्याच्या कॉम्प्युटरवर 'भावी' हा शब्द आधीच लिहून ठेवलेला असे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत आजमितीस भावी सरपंचांची संख्या ग्रामपंचायतींच्या संख्येच्या चौपट आहे, असा एक अंदाज आहे. (अंदाज सम्राटचाच. पण छापतो तोच, तेव्हा त्याला माहीत असणार.)

बाकीचा मजकूर तयार होता. वर ओळीने महापुरुष. (त्यांची संमती घेण्याची पद्धत नाही.) मध्ये हात बांधलेला महेंद्र, डोळ्यांवर त्याने कधीही न घातलेला काळा गॉगल. खाली शुभेच्छुक म्हणून गावातली चौदा पोरं, प्रत्येकाच्या कानाला फोन. आणि कारखान्याच्या भागात चालणारी ठेवणीतली ओळ: 'कामगारांचा बुलंद आवाज'. महेंद्र म्हणाला, "ही कशाला? मी तर बोलतबी न्हाई." सम्राट म्हणाला, "दादा, ती वळ न्हाई टाकली तर फ्लेक्स मोकळा दिसतोय."

वाढदिवसाला सकाळी कंपनीच्या गेटसमोर वीस फुटांचा महेंद्र उभा राहिला. खालून पाच फुटांचा महेंद्र कार्ड पंच करून आत गेला. आई आक्काबाई मुद्दाम रिक्षाने येऊन बघून गेली. बराच वेळ बघून म्हणाली, "चष्म्यात तुजा डोळाच दिसत न्हाई रं."

पण आत दिसत होतं. फारच दिसत होतं. प्लँट हेड परप्रांतातले, त्यांना मराठी वाचता येईना. त्यांनी एचआरच्या साहेबांना बोलावलं. हे साहेब याच पट्ट्यात मुरलेले. त्यांनी फ्लेक्स दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की या रस्त्यावर फ्लेक्स म्हणजे काय असतो. पहिला फ्लेक्स वाढदिवसाचा. दुसरा निवडीचा. तिसऱ्याला युनियन, चौथ्याला भंगाराचा ठेका, आणि पाचव्याला गेट बंद.

"पण माणूस आहे कसा?" प्लँट हेडांनी विचारलं. रेकॉर्ड काढलं. त्याच्या सेक्शनचं मशीन इतक्या वर्षांत एकदाही बंद पडलेलं नव्हतं. एचआरचे साहेब गंभीर झाले. म्हणाले, "सर, याला मशीन कशाने बंद पडतं ते सगळं माहीत आहे."

त्या दिवसापासून महेंद्रला मान मिळू लागला. सिक्युरिटीने सलाम ठोकला. एचआरने खुर्ची दिली, चहा दिला, आणि मशीनजवळ जाण्याचा त्रास घेऊ नका म्हणून विनंती केली. तो रश्मीला म्हणाला, "ब्रँड चालायला लागलाय." गावातले लोक पोरांचे बायोडाटा घेऊन दारात बसू लागले, कारण 'भावी' हा शब्द आमच्याकडे कोणी वाचत नाही. तो सगळ्यांना "बघतो" म्हणाला. साहेबांसारखंच म्हणाला.

इकडे त्याच्या प्रेस मशीनला ग्रीस घालायला कोणी उरलं नाही. एकेक करत ती करकरायला लागली आणि मग रीतसर बंद पडली. शेवाळे धावून आला, पोटात शिरला, बाहेर आला, अंगठा दाखवला. टाळ्या दुप्पट झाल्या, कारण आता सेक्शनही दोन होते. मार्चमध्ये तो इन्चार्ज झाला.

महेंद्रला केबिनमध्ये बोलावून दोन पर्याय देण्यात आले: दूरच्या राज्यातल्या प्लँटला बदली, किंवा स्वखुशीने राजीनामा. तो म्हणाला, "साहेब, मला आवाज बिवाज काय न्हाई. मला नुसती जनरल शिफ्ट पायजे हुती. पोरगी झोपायच्या आत घरी जायाचं हुतं." एचआरचे साहेब प्रेमाने हसले. सुरुवातीला सगळे नेते असंच म्हणतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. घरदार सोडून जाणं शक्य नव्हतं, तेव्हा महेंद्रने स्वखुशीच्या कागदावर सही केली.

दुपारीच तो घरी आला. गौतमी जागी होती. "पप्पा, आज सुट्टी?" तिने विचारलं. तो "व्हय" म्हणाला आणि तिच्याशेजारी खाली बसला. तिने त्याला बेचा पाढा म्हणून दाखवला. त्याला रडू आलं, ते तिला पाढा चुकल्यामुळे आलं असं वाटलं.

संध्याकाळी त्याने त्या साइटवर शेवटचं लिहिलं. नम्रपणे सांगू इच्छितो वगैरे काही नाही. 'माझी नोकरी गेली. मला प्रेस मशीनचं काम चांगलं येतं. कुठं जागा असेल तर कळवा.' वर नाव, बाजूला फोटो.

आणि ब्रँड पेटला. आजवर मिळाला नव्हता असा प्रतिसाद मिळाला. फोन थरथरत खिडकीच्या चौकटीवरून खाली पडला. आक्काबाईने तो उचलून दिला आणि विचारलं, "येवढी मान्सं काय म्हनत्यात?"

"अभिनंदन म्हनत्यात."

"काम देतंय का कोन?"

"न्हाई. हार्दिक शुभेच्छा म्हनत्यात. प्रेरणादायी म्हनत्यात."

आक्काबाईला वाटलं, आपल्यालाच काही समजत नाही. ती आत निघून गेली. महेंद्र मात्र एकेक नाव वाचत राहिला. अभिनंदन सर. खूप खूप अभिनंदन, तुम्ही हे डिझर्व्ह करता. सहाशेच्या वर लोक होते. सगळी शिकलेली, चांगल्या जागांवरची, मनाने वाईट नसलेली माणसं. चहाच्या घोटाबरोबर बोटाने पडदा सरकवत होती, नाव आणि फोटो दिसला की अभिनंदन टाकत होती, आणि मजकूर वाचायला वेळ कोणाला असतो?

वाचकहो, त्या यादीत तुमचं नाव आहे. नाही म्हणू नका. हवं तर असं करू: तुम्ही शेवटचं अभिनंदन कोणाला केलंत ते आठवा, आणि त्याचं नेमकं काय झालं होतं, तेवढं सांगा.