तेहतिसावी गल्ली

"नीलम्माबाई, हे रजिस्टर आता रद्दीत घाला," म्हणत सिद्धलिंग सरांनी नगरपरिषदेच्या टेबलावर आपला जुना लॅपटॉप ठेवला आणि बाईंची खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. या गावाला रेल्वेच नव्हती, त्यामुळे भरवसा होता तो आठ टँकरांवर. गल्ल्या बत्तीस. आज टँकर कोणाकडे, यावरून रोज नगरपरिषदेच्या दारात झिंज्या उपटायची वेळ यायची. टँकरची चिठ्ठी फाडायचं काम नीलम्माबाईंचं. त्या प्रत्येकाला दहा प्रश्न विचारायच्या आणि तरी शिव्या खायच्या. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी सिद्धलिंग सरांना गाठलं. सर नांदेडला तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं संगणकाची सी भाषा शिकवून निवृत्त झालेले. पाळ्या लावणारा प्रोग्रॅम त्यांनी चार दिवसांत लिहून दिला, तोही फुकट. मोबदल्यात रोज तासभर त्यांचं ऐकून घ्यावं लागे, एवढंच.

"आजकालच्या भाषा म्हणजे लाडावलेल्या आया," सर चहा फुंकत सांगायचे. "पोराला स्वेटर घालणार, बोट धरणार, पडशील रे म्हणून ओरडणार. असली पोरं कधी चालायला शिकतात का? सी तशी नाही. मूळ शब्द फक्त बत्तीस. गावात गल्ल्या बत्तीस, भाषेत शब्द बत्तीस, योग बघा! सांगितलं तेवढं करते. का, कशाला, असं विचारत नाही. लिहिणाऱ्यावर विश्वास टाकते."

"आन् लिहिणारा चुकला तर?" नीलम्माबाईंनी विचारलं.

"चुकणाऱ्यानं सी लिहूच नये." बोलताना सरांनी बाईंकडे असं पाहिलं, की बाईंनी उरलेला चहा तसाच ठेवला.

अकरा दिवस प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. बाराव्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. गाव नव्या जिल्ह्याचं ठिकाण होणार, अशी हवा होती. गावाबाहेरच्या माळावर जिल्हा कचेरीची कोनशिला बसवून झाली होती, पायाचा खड्डाही खणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी जागा पाहायला समिती येणार होती. धुरळा बसवायला एक टँकर तिकडे टाका, असा हुकूम होता.

"सर, माळाचा नंबर न्हाई की यादीत," नीलम्माबाई म्हणाल्या.

"टाका तेहतीस." सरांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"चालतंय? जागा बत्तिसाचीच केली म्हणत होता तुमी."

"टाकून बघा. त्यानं काही विचारलं?"

बाईंनी आकडा टाकला. "न्हाई बा. गुमान घेतलं."

"मग तुम्ही कशाला विचारून राहिलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ टँकरांना आठ चिठ्ठ्या मिळाल्या. सगळ्यांवर नंबर एकच, तेहतीस. पहिला टँकर घेऊन गेलेल्या व्यंकटीनं माळावरून फोन लावला.

"बाई, हितं गल्ली न्हाई, नुसता दगड हाय. पाणी कुठं वतू?"

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?" सरांनी फोन हिसकावून विचारलं.

"तेहतीस."

"मग डोकं चालवू नका. रिकामा करा."

शिंपडायला व्यंकटीजवळ पाइप नव्हता. त्यानं टँकर पायाच्या खड्ड्यात सोडला. मागून आलेल्या दुसऱ्यानं ते पाहिलं आणि तेच केलं. तिसऱ्याला तर विचारायचं काही उरलंच नाही. खड्ड्याच्या तळाला काळा पाषाण, थेंबही मुरेना. अकरा वाजेपर्यंत दोन खेपा झाल्या, सोळा टँकर माळावर सांडले, आणि पाळी चुकलेल्या रुक्मिणबाईंच्या मागं पन्नास बाया रिकाम्या घागरी घेऊन नगरपरिषदेत शिरल्या.

"आमच्या गल्लीचं पाणी कुठं गेलं, मास्तर?" रुक्मिणबाईंनी घागर टेबलावर आदळली. "लेकरं तहानली हायत घरी!"

सरांनी पहिल्यांदाच घाईघाईनं लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत त्यांना घोळ सापडला. यादीत खण बत्तीस. बत्तिसाव्याला लागूनच, पुढची पाळी कोणाची हा आकडा ठेवलेला. तेहतिसाव्या नोंदीला खण नाही, म्हणून ती त्या आकड्याच्या जागी जाऊन बसली होती. मग दर वेळी पाळी एकाच गल्लीची, जिथं एकही माणूस राहत नव्हता.

"मशिननं एकदा तरी इचारायचं न्हाई का?" नीलम्माबाई हळूच म्हणाल्या.

सरांनी लॅपटॉप मिटला. पाणी माळावर आहे हे कळून बाया केव्हाच तिकडे निघाल्या होत्या. सरही मागोमाग गेले.

माळावर जत्रा भरली होती. खड्ड्यात छातीएवढं पाणी, एका टोकाला तीन म्हशी, दुसऱ्या टोकाला घागरी बुडवणाऱ्या बाया. तेवढ्यात समितीची गाडी आली. इंजिनिअर साहेबांनी पाण्यात काठी घातली, बाहेर काढून नीट पाहिली आणि वहीत लिहिलं, "जागा पाणथळ. बांधकामास अयोग्य."

"साहेब, पाणथळ कसली? तीन वर्षं नीट पाऊस नाही इथं!" मुख्याधिकारी रडकुंडीला आले.

"तेच म्हणतोय. दुष्काळात एवढं, तर पावसाळ्यात किती असेल?"

गाव तहानलेलं असताना सोळा टँकर आपणच इथं ओतले, हे मुख्याधिकारी कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांची ती अडचण हेरून नगरसेवक केरबा पुढे झाले. देगलूर रस्त्याला त्यांची वीस एकर कोरडी ठणठणीत जमीन होती. समितीनं ती पाहिली, काठी टोचली, आणि संध्याकाळच्या आत पसंत केली.

सरांना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी कबुलीचं पत्र लिहिलं, खिशात घातलं आणि नगरपरिषदेत आले. तिथं बाई होत्या, व्यंकटी होता, पाच-सहा ड्रायव्हर होते. सरांना पाहून सगळे उठून उभे राहिले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मी सांगायला आलोय," सर घसा खाकरून म्हणाले, "की जे झालं ती माझी चूक होती. यादीच्या बाहेर लिहिलं जातंय का, एवढं एका ओळीत तपासता आलं असतं. मी ती ओळ—"

ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले.

"असू द्या सर, आमच्यापाशी कशाला लपवता?" व्यंकटीनं त्यांना बसायला खुर्ची दिली. "येवढा शिकलेला माणूस असली येडपटावानी चूक करतंय व्हय? सगळ्या गावाला ठाव हाय. केरबाची जमीन पास करायला तुमी लई डोकं लावलं. आता तिथं कचेरी व्हनार, जमिनीला सोन्याचा भाव. खरं सांगा, तुम्हाला किती गुंठे सुटले?"

"हाव सर, किती?" नीलम्माबाईही पुढे सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत सरांविषयी असा आदर याआधी कधी दिसला नव्हता.

सरांचा हात खिशातल्या पत्रावर होता. पत्र बाहेर काढलं, तर गावाच्या लेखी ते येडपट ठरणार होते. न काढलं, तर लबाड. अठ्ठावीस वर्षांत त्यांना येडपट कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला.

"दोन," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण कोपऱ्यावरचे."