पुण्याच्या रकान्यात खूण

फॉर्मवर एक खूण करायची होती, एवढंच. एकोणऐंशी सालचा मार्च. आमच्या खात्याचं नवं कार्यालय पुण्याला निघणार होतं आणि हेडक्लार्क देवरावांनी माझ्यापुढे कागद सरकवला. त्यात दोन रकाने, नागपूर आणि पुणे. कुठे राहायला आवडेल, असं सरकार चक्क मला विचारत होतं! डोक्यावरचा पंखा गरम वारा घालत होता. मी धाडकन पुण्याच्या रकान्यात खूण केली. (बायकोला, म्हणजे देवकीला, न विचारता घेतलेला हा माझा पहिला निर्णय. दुसरा अजून व्हायचा आहे.)

घरी येताना सायकल इतकी जोरात पळवली, की सक्करदऱ्याच्या तळ्यापाशी चेन पडली. काळ्या हातांनीच मी घरात शिरलो.

"देवकी, आपण पुण्याला राहायला चाललो!"

"ऑर्डर आली?"

"येईलच की."

"मंग येऊ द्या आधी. माही माय इथंच महालात, बहीण इतवारीत. मले नाही जाचं पुण्याले."

"पुण्यात 'मले' नाही म्हणत. 'मला' म्हणतात."

तिने हातातली परात अशी आपटली, की शेजारच्या गणपतरावांनी भिंतीवर थाप मारली. "काय झालं गा?"

"पुण्याला बदली!" मी भिंतीतूनच ओरडलो. इथेच घोटाळा झाला.

आमच्या गल्लीत गाव सोडून जाणाऱ्याला घरोघरी जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. दुसऱ्याच दिवशी गणपतरावांकडे वडाभात. तिसऱ्या दिवशी यमुताईंकडे पाटवडीचा रस्सा.

"खा गा गोपाळा, पोटभर खा. पुण्यात भाजीत साखर टाकतेत म्हन्ते," यमुताई म्हणाल्या आणि डोळे पुसत आणखी दोन पाटवड्या वाढल्या.

"ऑर्डर नाही आली अजून," देवकी माझ्या कानात कुजबुजली. मी तिला कोपराने गप्प केलं आणि पुण्याच्या हवेवर छोटंसं भाषण ठोकलं. (पश्चिमेला मी अकोल्याच्या पुढे कधी गेलेलो नव्हतो.) पंधरा दिवसांत बारा घरी जेवलो. प्रत्येक घरी भाषण जरा लांबलं आणि माझा पट्टा एक भोक पुढे सरकला. आनंदाच्या भरात मी आमचा कूलर गणपतरावांना देऊन टाकला. पुण्यात कूलर कोणाला लागतो?

एप्रिल उजाडला. ऑर्डरचा पत्ता नाही.

"काय गा, कवा निघता?" गल्ली विचारू लागली.

"याच आठवड्यात," मी सांगायचो. तीन आठवडे सांगितलं. मग मी भाजीला जाणंच सोडलं. घरात घामाने भिजून बसायचो आणि भिंतीपलीकडे आमचा कूलर मजेत घरघरत असायचा.

शेवटी देवकीने कपाटावरची ट्रंक खाली ओढली. "बारा घरचं जेवलो आपण. आता जाच लागन. कोनत्या तोंडानं राहाचं इथं?"

आईचा निरोप घेऊन ती महालातून परतली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती भांडी कागदात गुंडाळत बसली. खरं सांगतो, माझाही विचार फिरला. ही गल्ली, हा रस्सा, ही माणसं सोडून जायचं कशाला? मला पुणे नकोच होतं. पण हे आता बारा घरांना सांगणार कोण?

आणि त्याच रविवारी देवराव स्वतः घरी आले. हातात ऑर्डर! गल्ली धावत जमली. यमुताईंनी निघणाऱ्याच्या हातावर ठेवायला दही आणलं. गणपतरावांनी हार आणला. देवकीने पदर तोंडाला लावला.

"वाचा ना गा मोठ्यानं!" कोणीतरी ओरडलं.

देवरावांनी चष्मा पुसला. "श्री. गोपाळ ठवकर यांचं पद पुणे कार्यालयात हलवण्यात येत आहे."

टाळ्या पडल्या. गणपतरावांनी हार माझ्या गळ्यात घातलासुद्धा.

"थांबा, पुढं हाय," देवराव म्हणाले आणि उगाचच खाकरले. "पुणे कार्यालयानं कळवल्याप्रमाणे सदर पदाचं टेबल, खुर्ची व कपाट तातडीनं पाठवावं. श्री. ठवकर यांना पाठवू नये."

यमुताईंच्या हातातलं दही कलंडलं.

पहिला आवाज निघाला तो देवकीचा. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गेला महिनाभर पुण्याचं नाव काढलं की जिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्या माझ्या बायकोने सगळ्या गल्लीसमोर त्या शहराला हात जोडले.

"पुण्याची माणसं हुशार असतेत म्हन्तेत," ती म्हणाली, "ते काही खोटं नाही, बाई!"