चाळीस तक्रारी निकाली

सोमवारी नव्या मॅडम रुजू होणार, म्हणून शनिवारी मी एक छोटासा निर्णय घेतला : टेबल साफ करायचं. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीवर मी बावीस वर्षं बसतोय (उठलो क्वचितच). समोर चाळीस तक्रारी पडल्या होत्या. चहा यायच्या आत चाळीसही कागदांवर 'निकाली'चा शिक्का मारून मोकळा झालो. वाचल्या का? छे! वाचत बसलं तर काम कधी करायचं?

सोमवारी मॅडम टेबल बघून म्हणाल्या, "वा! चाळीस तक्रारी एका दिवसात?"

मी विनयानं मान खाली घातली. (ती पुढं आठवडाभर वर आली नाही.)

"मग लोकांनाच विचारू या, समाधान झालं का," म्हणत त्यांनी सगळ्यांत वरचा कागद उचलला, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"पाणीपुरवठा खात्यातून बोलतेय. तुमची तक्रार निकाली निघाली ना?"

"कसली निकाली? अहो, तीन महिने झाले, सकाळी नळाला करंगळीएवढी धार येते!"

आवाज ओळखीचा होता. इतका, की मी सवयीनं उभाच राहिलो.

"आधी कुणाला सांगितलं होतं?"

"आमच्या ह्यांना! तुमच्याच खात्यात आहेत. म्हणाले, लेखी दे. दिलं!"

(माझ्या अंघोळीची बादली रोज भरलेली असते. ती कशी भरते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.)

मॅडमनी कागदावरचं आडनाव पाहिलं, मग माझ्या टेबलावरची पाटी. आता बदली नक्की, असं मी धरूनच चाललो. पण त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

"चाळीसही वाचा. मोठ्यानं."

वाचता वाचता घशाला कोरड पडली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी तीन महिने खालून बादल्या नेत होत्या, हे मला त्यांच्या अर्जावरून कळलं. जिन्यात रोज भेटतात! सतराव्या कागदाशी मी अडखळलो. "मॅडम, हाही आमच्याच रस्त्यावरचा. आणि यांचंही तीन महिन्यांपासूनच..."

मॅडमनी आमच्या रस्त्यावरचे कागद वेगळे काढायला लावले, तर अकरा निघाले. दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात, हे बावीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. मॅडमना एका सकाळीत सुचलं.

त्यांनी फिटरला बोलावलं. "तीन महिन्यांपूर्वी त्या रस्त्यावर काय काम केलं होतं?"

"पाइप बदलला, मॅडम. त्यासाठी व्हॉल्व्ह बंद केला, मग..." फिटरनं जीभ चावली. 'मग' अर्धवटच राहिलं होतं. व्हॉल्व्हही.

दुपारी तो पूर्ण उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा घरांत पाणी धो धो आलं. आजी जिन्यातून रिकाम्या हातांनी उतरल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता शिक्का मॅडमच्या कपाटात असतो. तक्रारदार स्वतः "झालं" म्हणेपर्यंत तो बाहेर येत नाही. दर शुक्रवारी आम्ही सगळे, फिटरसुद्धा, तक्रारी एकत्र वाचतो आणि आपलं कुठं चुकलं ते शोधतो. खरं सांगतो, मला माझं काम आवडू लागलंय.

महिनाअखेरीला मॅडमनी त्या अकरा घरांकडून अभिप्राय मागवले. बायकोचा वाचायची पाळी नेमकी माझ्यावर आली :

"पाणी उत्तम. मॅडम उत्तम. खिडकीवरचे गृहस्थ हल्ली लोकांचं पूर्ण ऐकून घेतात, असं कळलं. घरी तसा अनुभव नाही. बदलून मिळतील का?"

मॅडमनी गंभीरपणे पेन उघडलं आणि खाली शेरा मारला : "अखत्यारीबाहेर. तक्रारदाराबद्दल पूर्ण सहानुभूती."