अब्बासभाईंचं झरोक्यांचं बॉनेट

अब्बासभाई शारजात ऐन ऑगस्टमध्ये गाडीचा हीटर लावून फिरायचे. काचा खाली, शर्ट ओलाचिंब, आणि शेजारच्या गाडीतले लोक बघायला लागले की हे त्यांना हसून हात करायचे. आता आम्ही दोघंही गावी परतून म्हातारे झालो, पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट अजून चुकीची सांगितली जाते. ती दुरुस्त करणं माझंच काम, कारण ती सुरू मीच केली.

आधी हीटरचं सांगतो. गाडी अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची. आधीच्या मालकाने, एका हौशी अरब तरुणाने, तिच्यात मूळच्यापेक्षा मोठं इंजिन कोंबलं होतं. रस्ता मोकळा असला की ती उधळायची आणि सिग्नलला थांबली की तापायची. मग एसी बंद करून हीटर लावायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत माणसांवर येते आणि इंजिन वाचतं. माणसांचं काय, हे विचारायचं नाही.

"गरम हवेला कुठेतरी जायचंच असतं, राणे. आपण कोण अडवणारे?" हे त्यांचं पालुपद. आमच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे आणि मी हजेरी. मॅनेजर ओरडून गेला तरी मागून हेच वाक्य.

त्यांच्या बेगम खैरूनभाभी दापोलीहून पहिल्यांदा व्हिजिटवर आल्या, तेव्हा विमानतळावरून येताना दुबई-शारजा रस्त्यावर जॅम लागला. इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढला आणि अब्बासभाईंनी सवयीने हीटर लावला. भाभींना आधी उलटी झाली, मग चक्कर आली. महिनाभराची व्हिजिट आठवड्यात खलास. या तंदुरात पुन्हा बसणार नाही, असं सांगून त्या गेल्या.

गाडी विका, एखादी जपानी घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते ऐकेनात. शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या मेसमध्ये टोमणे सुरू झाले, की या माणसाने घरवाली परत पाठवली पण डबा ठेवला.

काही वर्षं गेली आणि त्यांनी बॉनेट कापायला काढलं. गरम हवा बाहेर पडावी म्हणून एका पठाण डेंटरकडून पत्र्याला झरोके पाडून घेतले, तेही मागे, पुढच्या काचेला लागून. पण एसीला हवा आत घेणारी जाळीही तिथेच होती. बॉनेटमधून निघालेली वाफ इमानदारीने पुन्हा गाडीत येऊ लागली. आता तर हीटर न लावताच हीटर.

त्याच दिवसांत मला त्यांच्या गाडीत सुकलेले गजरे दिसू लागले. आज एक, पुढच्या शुक्रवारी आणखी एक. रात्री जेवताना मी मेसमध्ये म्हणालो, गजरे मिळतात त्या बर दुबईच्या बाजारात अब्बासभाईंचं काहीतरी आहे बुवा. सगळे हसले. कुणीतरी सुट्टीवर गेला आणि ती बातमी दापोलीत पोचली.

पुढे एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला गाठलं. "यल्ला, चला, बसा. वजनाने तुम्ही तुमच्या भाभीएवढेच आहात." बॉनेट नवंकोरं होतं आणि झरोके या वेळी पुढे, रेडिएटरच्या पंख्यामागे. आम्ही बर दुबईला गेलो. तिथल्या हिंदू देवळाच्या गल्लीत त्यांनी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि माझ्या सीटच्या पाठीला, बरोबर भाभींच्या अंबाड्याच्या उंचीवर, अडकवला.

"हा घरापर्यंत ताजा राहिला तर ती येऊ शकते," ते म्हणाले. "आजवर सगळे नापास."

मुद्दाम गर्दीतून, प्रत्येक सिग्नलला थांबत आम्ही परतलो. वाटेत त्यांनी गाडी न विकण्याचं कारण सांगितलं. लग्नानंतर कॅलेंडरवरचं अशाच गाडीचं चित्र बघून भाभी म्हणाल्या होत्या, यातून फिरवाल का मला? रोल्ला आलं तेव्हा गजरा टवटवीत होता. मी मात्र घामाघूम होतो, आणि बाहेरच्या उन्हाला त्यात काही बोल लावता येत नव्हता; बोल मेसमधल्या माझ्या जिभेला.

भाभी आल्या. विमानतळावर मी गेलो होतो. मागच्या चिमुकल्या सीटवर बॅगांसकट दुमडून बसलो. गाडी सुटते न सुटते तोच भाभींनी मान न वळवता विचारलं, "राणेभाऊ, ती गजरेवाली कोण हो?"

अब्बासभाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं, पण माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मग मीच सगळं सांगितलं. बातमी माझी, गजरे तुमच्यासाठी, त्यांच्यावर हे एसी तपासत होते.

भाभी म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. या भट्टीत माझ्याशिवाय दुसरी कोण बसणार?"

मला इतकं हसू आलं की एक बॅग माझ्या अंगावर पडली. कित्येक महिन्यांनी छाती मोकळी झाली.

तेवढ्यात जॅम लागला. गाड्यांच्या रांगा थांबल्या, झरोक्यांतून वाफ थरथरत वर निघाली. आम्ही तिघंही काट्याकडे बघत होतो. तो मधेच थांबला आणि तिथेच राहिला. भाभींनी ओढणी खांद्याभोवती गुंडाळून घेतली.

"जरा कमी करा ना. थंडी वाजतेय."

अब्बासभाईंनी एसीच्या बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"वाजू दे गं थोडी," ते म्हणाले.