अंधारातले केस

"दुकानाचा नवा बोर्ड मी करून आणतो," असं जावई सासऱ्यांना म्हणाला, तेव्हा त्याची बायको त्याच्याकडे नुसती बघत राहिली. रिमोटमध्ये सेल उलटे घालून टीव्हीला शिव्या देणारा हा माणूस! पण जावयाचा हिशेब वेगळा होता. सासुरवाडीत त्याच्या मताला तोंडी लावण्यापुरतीही किंमत नव्हती. सासऱ्यांचं केशतेलाचं दुकान बसत चाललं होतं. या बोर्डानेही गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर शटर कायमचं खाली ओढायचं ठरलं होतं. अशा वेळी जो ही बुडती नाव तारेल, त्याचा शब्द घरात झेलला जाणार, हे उघड होतं.

सासऱ्यांनी काळा कोट चढवला, केस चापून मागे बसवले. या वयातही त्यांचे केस दाट आणि काळेभोर होते. त्यातलं दाटपण देवाचं, काळेपण डबीतलं. पण ही घरातली गोष्ट. जावयाच्या बायकोने आपल्या महागड्या फोनवर त्यांचा फोटो काढला. मागे दोरीवर वाळत घातलेले पायजमेही त्यात आले.

"ते काय, नंतर पुसता येतात," जावई तज्ज्ञासारखं म्हणाला.

फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर उघडेचना. फाइलच्या नावाच्या शेपटाला 'एचईआयसी' असं काहीतरी लागलं होतं. जावयाने ते खोडून 'जेपीजी' असं लिहिलं. कॉम्प्युटर बधला नाही. घोड्याच्या गळ्यात 'गाय' अशी पाटी बांधून दूध निघत नाही, हे त्याला मेहुण्याने समजावलं.

हा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटरवर फुकटची सिस्टीम वापरायचा आणि तिचा तोरा मात्र लाखाची असल्यासारखा मिरवायचा.

"भाऊजी, ताईच्या फोनची सिस्टीम आणि माझी, दोन्ही एकाच घराण्यातल्या. पणजोबा एकच."

"मग तुझ्याकडे उघडेल की लगेच!"

"छे! चुलत-चुलत भावंडं ती. वाटण्या झाल्यापासून एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत. थांबा, मध्यस्थ घालतो."

मेहुण्याने स्क्रीनवरच्या एका काळ्या खिडकीत काहीबाही टाइप केलं आणि फोटो उघडला. मग त्याने मागचं सगळं पुसून टाकलं, पायजमे गेले. पण सासऱ्यांच्या मागे करड्या-पांढऱ्या चौकटी उमटल्या.

"अरे, मामांना फरशीवर काय निजवलंस?"

"त्या चौकटी नाहीतच, भाऊजी. तिथे काहीच नाहीये."

"मला दिसतायत!"

"काहीच नाही, हे दाखवायलासुद्धा काहीतरी दाखवावं लागतं ना! ही पीएनजी आहे, हिची जेपीजी तेवढी करू नका. जेपीजीला 'काहीच नाही' ठेवता येत नाही. तिथे कुठला रंग भरला जाईल, नेम नाही."

जावयाने मान डोलावली. ज्याला काही कळत नाही, त्याचीच मान सगळ्यात झोकात डोलते.

"जेपीजी नाही का?" जावयाने फाइल पुढे करताच बोर्डवाल्याने विचारलं.

"तुम्हीच करून घ्या की."

बोर्डवाल्याने एक बटण दाबलं. "छापायच्या आधी एकदा बघताय का?"

"कशाला? आमच्या मेहुण्याने सगळं तपासलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड चढला. काळ्याकुट्ट अंधारात सासऱ्यांचा चेहरा एकटाच तरंगत होता. काळ्यात काळा कोट बुडाला होता, काळे केसही बुडाले होते. उरलं ते सोललेल्या अंड्यासारखं कपाळ. त्याच्याखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'तेलाची खात्री मालकांच्या डोक्याकडे बघून करा!'

"जावईबापू," सासरे रस्त्यातूनच म्हणाले, "माझे केस कुठायत?"

"आहेत, मामा. तिथेच आहेत. फक्त अंधारात आहेत."

"आणि धड?"

"तेही सोबतीला आहे."

"जेपीजी केलीत ना?" मेहुणा कपाळ बडवत म्हणाला.

"शिडी आणा," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज शटर ओढल्यासारखा खरखरला. जावयाने मनातल्या मनात सासुरवाडीचा निरोप घेतला.

तेवढ्यात एक टकला वाटसरू थांबला. त्याने बोर्ड पाहिला, मग सासऱ्यांचं डोकं पाहिलं, मग पुन्हा बोर्ड.

"हे तुम्हीच?"

"मीच," सासरे रडवेले झाले.

"म्हणजे तेल लावायच्या आधीचा फोटो! अहो, काय केस आलेत! किती बाटल्या लागल्या?"

सासऱ्यांची पापणी एकदाच लवली. आयुष्य गल्ल्यावर गेलेला माणूस तो.

"ते ज्याच्या त्याच्या डोक्यावर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "सध्या चार न्या."

शिडी आली, पण ती वरच्या फळीवरच्या बाटल्या काढायला. दुपारपर्यंत दुकानात डोकी मावेनात, आणि त्यातल्या बहुतेकांवर केस नव्हते.

जावयाला मात्र चूक निस्तरल्याशिवाय धीर धरवेना. संध्याकाळी तो धापा टाकत दुरुस्त केलेला बोर्ड घेऊन आला. त्यात कोट होता, केस होते, सगळं जागच्या जागी.

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. "हा केसाळ माणूस कोण? घेऊन जा परत." मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "आमच्या जावईबापूंना कॉम्प्युटरमधलं फार कळतं हो. आम्ही नुसता फोटो दिला, डोकं यांनी चालवलं."

मेहुण्याला चहाचा ठसका लागला.

शेजारी व्यायामशाळा होती. तिचा पिळदार मालक इकडेतिकडे बघत जावयाजवळ आला आणि कानाशी लागला.

"जावईबापू, माझा एक फोटो जरा ढेरपोट्या करून द्याल का?"

जावयाने झोकात मान डोलावली.