आरंभशूर सूनबाईंनीं गवती टोपी सर केल्याची हकीकत

थोरथोर राजांच्या स्वाऱ्या लिहिणारे बहुत होऊन गेले, परंतु टोपीच्या मोहिमेवर कोणीं दोन अक्षरें खर्चिलीं नाहींत. हें न्यून मनीं आणोन, जें पाहिलें तें आणि जें पाहिलें नाहीं तेंही, सत्य म्हणोन येथें लिहिलें असे. वाचणारांनीं शक्य तितकें हंसूं आवरावें.

तर अखंडउद्योगारंभालंकृत, सुईदोराधुरंधर, श्रीमंत सूनबाईसाहेब यांची ख्याती ऐशी कीं हातीं घेतलेलें काम त्यांनीं कधीं तडीस नेलें नाहीं. यजमानांचा एका बाहीचा स्वेटर आणि अर्ध्या खिडकीचा पडदा हे कपाटांत कैद होऊन पडले होते, आणि नणंदबाई माहेरीं येत तेव्हां त्या कैद्यांची विचारपूस केल्याविना परत जात नसत. अशांत सूनबाईंनीं फुटपाथावरोन एक स्वस्त गवती टोपी आणिली, जिची कड सुपाएवढी असोन डोळ्यांवर लोंबे. ती पाहोन नणंदबाईंचें फर्मान सुटलें कीं, रविवारीं सहकुटुंब तळ्याकाठीं जाणें आहे, तरी ही टोपी नीट करोन, आणि मुख्य म्हणजे पुरी करोन, घालोन यावी. वर हंसोन बोलिल्या, "नाही जमलं तर ओढणी बांधा, वहिनी." हें सूनबाईंस फार लागलें. शेंडी तुटो कीं पारंबी, टोपी पुरी करावयाचीच, ऐसा त्यांनीं पण केला.

मग शनिवारीं सकाळीं खासा स्वारी कात्री, सुई आणि जाड दोरा ऐसा सरंजाम घेवोन जेवणाच्या टेबलावर चालोन गेली. मसलत ऐशी कीं बाहेरच्या दोन फेऱ्या उसवोन कड आखूड करावी. परंतु ती टोपी म्हणजे गवताची एकच लांब पट्टी गोल गोल फिरवोन एकाच दोऱ्यानें शिवलेली. सूनबाईंनीं शेवटचा टाका कापोन दोरा ओढिला मात्र, फेऱ्यांमागून फेऱ्या सर्रास फितूर जाहल्या, आणि दोरा थांबेना, आणि ओढणारीही थांबेना, आणि पाहतां पाहतां टोपी नामशेष होवोन टेबलावर पट्टीचें भेंडोळें राहिलें. यजमान चष्मा पुसोन बोलिले, "हिलाही कपाटात जागा करू का?" सूनबाईंनीं त्यांजकडे ऐसें पाहिलें कीं ते दुपारपर्यंत वर्तमानपत्राच्या तटबंदीआड राहिले.

आतां पट्टी भिजवोन मध्यापासोन पुनश्च शिवणें प्राप्त जाहलें, आणि शिवावयास डोक्याच्या मापाचा ठोकळा पाहिजे. सूनबाईंनीं टेपानें स्वतःचें मस्तक मोजिलें, मग सारीं भांडीं मोजिलीं, आणि बरोबर भरलें तें नेमकें दुधाचें पातेलें, मध्यें फुगीर आणि तोंडाशीं आवळ. तें तत्काळ जप्त जाहलें. परंतु सासूबाईंचा कायदा ऐसा कीं त्या पातेल्यावांचोन तापलेल्या दुधाचा चहा त्यांच्या घशाखालीं उतरत नसे. त्यांनीं चहा वर्ज्य करोन स्वयंपाकघराच्या दारांत खुर्ची टाकिली आणि डोकें धरोन उघड बंड पुकारिलें. सूनबाई डगमगल्या नाहींत. पातेलें पालथें घालोन टाक्यास टाका भिडवीत गेल्या, आणि बोटें सोलवटलीं, आणि सुया मोडल्या, आणि पट्टी फुगाऱ्यावरोन उतरोन खालीं गळ्याशीं घट्ट आवळिली, आणि तेथोन कड फिरवोन संध्याकाळीं शेवटची गांठ मारिली.

मग टोपी काढूं गेल्या तों ती निघेना. गवत सुकोन आवळलें, पातेल्याचें पोट आड आलें. यजमानांनीं ओढिली, व्यर्थ. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. अखेर त्यांनीं कात्री उचलिली, तों सासूबाईंनीं खुर्चींतोन उठोन ती हिसकोन घेतली.

"कापायची नाही," त्या बोलिल्या. "दूध कुकरात तापव. या घरात पहिल्यांदा तुझ्या हातून काहीतरी पुरं झालंय."

ऐसें बोलोन त्यांनीं कुकरांतल्या दुधाचा चहा वांकड्या तोंडानें, परंतु सगळा प्यायला. मग उकळत्या पाण्याच्या वाफेवर पातेलें धरिलें, गवत नरम पडलें, एका बाजूस सूनबाई, दुसरे बाजूस यजमान आणि त्यांच्या कमरेस सासूबाई ऐसा जोर जाहला, आणि टोपी सुटोन यजमान मातोश्रींसह सोफ्यावर पडले.

रविवारीं तळ्याकाठीं नणंदबाईंनीं ती टोपी सूनबाईंच्या डोक्यावरोन उतरविली. बाहेरोन पाहिली, आंतोन पाहिली, कड बोटांनीं चांचपोन सुटलेला दोरा शोधिला, आणि कोठेंच सांपडेना तेव्हां विचारिलें, "वहिनी, शेवट कुठंय?"

"केलाय, वन्सं," सूनबाई बोलिल्या, आणि टोपी परत मागोन घेतली.

येणेंप्रमाणें टोपी फत्ते जाहली. नणंदबाईंनीं त्या दिवशीं स्वेटराची चौकशी केली नाहीं, ही गोष्ट मुद्दाम नमूद केली असे. हकीकतही येथें पुरी केली, कारण त्या घरांत आतां तैसी चाल पडली आहे.