स्वतःची जागा, दहा जीबी

किल्लीवाल्याचं म्हणणं असं, की त्याच्यापुढे दहा मिनिटांहून जास्त वेळ तोंड मिटून बसेल असं कुलूप अजून बनायचंय. हे तो गिऱ्हाइकांना सांगतो, बायकोला सांगतो आणि गेली दोन वर्षं आपल्या ब्लॉगवरून साऱ्या जगाला सांगतो. ब्लॉगचं नाव ‘कुलूप बोलतं’. सारं जग म्हणजे तीन वाचक. एक तो स्वतः, दुसरी बायको आणि तिसरा समोरचा झेरॉक्सवाला.

ब्लॉग फुकटातला होता, तोवर ठीक चाललं होतं. पण एके दिवशी त्याने ‘किल्लीला पर्याय नाही’ असा मोठा लेख रक्त आटवून लिहिला आणि उघडून बघतो तर काय, लेखाच्या बरोब्बर मध्यावर जाहिरात! ‘किल्लीची कटकट संपली. आता बोट लावा, दार उघडा.’ त्याखाली आणखी एक, गुडघेदुखीच्या तेलाची.

“फुकटचा ब्लॉग म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणं,” झेरॉक्सवाल्याने समजावलं. “भाडं नाही, पण चालणार त्यांचंच. स्वतःच्या होस्टिंगवर गेलास की स्वतःची जागा. मग कुणाच्या बापाची टाप नाही.”

आता हे वाक्य किल्लीवाल्याला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. त्याचं जुनं दुकान रस्ता रुंद करताना गेलं, तेव्हा सासऱ्यांनी घराची पुढची खोली रिकामी केली आणि म्हणाले, “इथे बसा. मागे राहा. भाड्याचा विषय काढू नका.” त्याला आठ वर्षं झाली. गावभर लोकांच्या घरांच्या किल्ल्या करून देणारा हा माणूस सासऱ्यांच्या घरात राहतो, असं कुणी तोंडावर म्हणत नसे. पण म्हणत नसले तरी त्याला ते ऐकू यायचं.

त्याला एकच आधार होता. पहिल्या वर्षी सासरे म्हणायचे, “जावईबापू, आपण चहा घेणार?” तिसऱ्या वर्षी ‘आपण’चं ‘तुम्ही’ झालं. पाचव्या वर्षी नळ दुरुस्त करताना त्याने आटा उलटा फिरवला, स्वयंपाकघरात कारंजं उडालं आणि सासरे ओरडले, “अरे गाढवा, उजवीकडे!” त्या दिवसापासून तो ‘अरे’ झाला. हा ‘गाढवा’ त्याने मनात पदकासारखा जपून ठेवला होता. आपण ह्या घरातले आहोत, ह्याचा दुसरा पुरावा त्याच्याकडे नव्हता.

तर ठरलं. बायको नर्स, ती तीन दिवस ट्रेनिंगला परगावी गेलेली. ती यायच्या आत नवा ब्लॉग थाटायचा आणि तिला चकित करायचं. दुपारी त्याने झेरॉक्सवाल्याला फोन लावला. दोघांच्या दुकानांत रस्ता काय तो आडवा, पण फोन लावला. किल्ली कापायचं मशीन घरघरत होतं, म्हणून आवाजही चढवला. आणि दुकानामागच्या खोलीत सासरे पेपर वाचत होते, सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“फुकटात राहतोय ते ठीक आहे रे,” किल्लीवाला म्हणाला, “पण त्यात मान नाही. खिळा ठोकायचा तरी त्यांना विचारा. आणि माझं काही महत्त्वाचं चाललेलं असलं की नेमके मधेच घुसतात. गुडघेदुखीचं लावून बसतात.”

आत पेपरचं पान उलटायचं थांबलं.

“उद्या त्यांच्या मनात आलं तर उचलून बाहेर काढतील. मालक ते! नाही नाही, ठरलं. लहान का होईना, स्वतःची जागा घ्यायची. सगळं सामान एकदम हलवू आणि मग हे जुनं कायमचं बंद. बायकोला? छे, तिला पत्ता नाही. ती यायच्या आत उरकून टाकू.”

सासूबाईंच्या हातातला टॉवेल अर्धाच दुमडलेला राहिला.

संध्याकाळी सासूबाई दुकानाच्या दारात आल्या. “जावईबापू, आपण चहा घेणार का?”

किल्लीवाल्याने मागे वळून बघितलं, कोण पाहुणे आलेत ते. मागे कुलपांच्या फळीशिवाय काही नव्हतं.

जेवताना तर कहरच झाला. सासरे रोज जेवणभर गुडघ्यांबद्दल बोलत. डावा कधी धरतो, उजवा कधी सोडतो, सगळं. त्या दिवशी अवाक्षर नाही. किल्लीवाल्यालाच चैन पडेना.

“बाबा, गुडघे कसे आहेत?”

“आहेत,” सासरे म्हणाले. “आपण जेवा. आम्ही मधे बोलत नाही. आपलं काही महत्त्वाचं चाललं असेल.”

पाच वर्षांनी ‘आपण’! आपण काय केलं? पुन्हा कुठला आटा उलटा फिरवला? आठवून आठवून डोकं शिणलं, पण काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात सासरे हजर. हातात स्टीलची टेप, कानावर पेन्सिल. सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना राग आला, दुःख झालं किंवा अगदीच करमेनासं झालं की ते काहीतरी मोजायला काढत. सासूबाईंशी भांडण झालं तेव्हा त्यांनी गच्ची मोजली होती.

“बारा फूट चार इंच,” ते पुटपुटले आणि वहीत लिहिलं.

“काय मोजताय, बाबा?”

“जागा.”

“कशासाठी?”

“मोजलेली बरी. आता ज्याची त्याला लागेल.”

किल्लीवाल्याच्या हातातली किल्ली मशीनमध्ये गेली आणि दातांऐवजी पार दांडीच कापली गेली. आता उलगडा झाला. आपल्याला काढताहेत! खोली दुसऱ्या कुणाला द्यायची आहे, म्हणून हा मान, म्हणून हे ‘आपण’. पाहुण्याला निरोप देताना माणूस अधिकच गोड बोलतो, तशातला प्रकार. तो रडण्याच्या बेतात असतानाच बायकोचा फोन आला.

“तू जागा घेतलीस?”

झेरॉक्सवाल्याने तोंड उघडलं वाटतं. “तुला कुणी सांगितलं?”

“आईने. रडत होती.”

“त्यात रडायचं काय? आनंदाची गोष्ट आहे.”

मग तिने विचारलं, “केवढी आहे?”

“दहा जीबी. आपल्याला पुष्कळ झाली.”

“दहा बाय काय?”

“बाय नाही गं, जीबी...”

“मी बसमध्ये चढतेय. येतेच घरी. मग बघते,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

किल्लीवाला धावत समोर गेला. झेरॉक्सवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला. असल्या माणसांच्या जिभेवर सल्ला तयारच असतो. “ते काढायच्या आत तू निघ. जागांचा एजंट माझ्या ओळखीचा आहे. बघून तरी ठेव एखादं दुकान.”

म्हणजे बघा, सकाळपर्यंत हा माणूस जागा सोडत नव्हता. दुपारी तो खरोखरच जागा शोधायला लागला.

एजंटाला त्याने आपला नंबर दिला. पण एजंट पक्का धंदेवाला, तो संध्याकाळी थेट घरीच आला. किल्लीवाला रद्दीवाल्याकडून खोकी घेऊन परतला तो काय, बाहेरच्या खोलीत एजंट चहा पितोय, समोर सासरे ताठ बसलेत, सासूबाई दाराशी उभ्या. आणि बायको नुकतीच आलेली, खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवलेली नाही.

“या,” सासरे म्हणाले. “हे म्हणताहेत, दुकान उद्यापासून मोकळं आहे. छान. पण त्याआधी हे बघून घ्या.”

त्यांनी टेबलावर एक नकाशा पसरला. घराचा. शाईने काढलेला, मोजमापांसकट, दारं-खिडक्या जिथल्या तिथे. रात्रभर जागून काढला असावा. पुढची खोली आणि मागची एक खोली निळ्या रंगाने रंगवली होती.

“निळं ते आपलं. आपल्या दोघांच्या नावावर करून देतो. आठ वर्षं आपल्याला खिळा ठोकायला विचारावं लागलं, ही आमची चूक झाली. रस्त्याकडचं दार आपल्याला, मागचं आम्हाला. आणि ही इथे मधे भिंत घालू.” त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं. “म्हणजे मी गुडघ्यांचं सांगायला मधे येणार नाही.”

गुडघे! किल्लीवाल्याच्या डोक्यात एकदम काहीतरी खट्कन सरकलं. हातातली खोकी खाली पडली.

“बाबा, मला भिंत नको. मला कुठे जायचंच नाही. तुम्हीच मला काढताय असं वाटलं, म्हणून...”

“मग जागा कशाला घेतलीत?”

“कुठे आहे ती जागा?” बायको म्हणाली. “दाखव मला. आत्ता.”

“ब्लॉगची जागा आहे गं. फोनवर म्हणत होतो ती फुकटची जागा म्हणजे जुना ब्लॉग,” म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. चौघं वाकून बघू लागले. पांढऱ्याफटक पानावर एवढंच लिहिलं होतं : ‘येथे अजून काहीही नाही.’

बायकोने एकदा पानाकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर नसल्यामुळे बॅगच लावून हसायला लागली. सासरे मात्र हसले नाहीत. मोजणी खात्याचा माणूस तो, जागा म्हटल्यावर चौकशी पुरी केल्याशिवाय सोडणार थोडाच.

“ही जागा आहे कुठे? चतुःसीमा काय? पूर्वेला काय येतं?”

“पूर्वेला काही नाही, बाबा. ती एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते.”

“कंपनी आपली?”

“नाही.”

“कॉम्प्युटर आपला?”

“नाही.”

“मग आपलं काय?”

“भाडं,” किल्लीवाला म्हणाला. “वर्षाला भरायचं.”

“आणि नाही भरलं तर?”

किल्लीवाल्याने घसा साफ केला. “तर... बाहेर काढतात.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे मालक हाकलेल ह्या भीतीने तू फुकटची जागा सोडलीस आणि भाडं थकलं की हाकलणाऱ्या मालकाकडे गेलास. वर तिला स्वतःची जागा म्हणतोस. अरे गाढवा!”

किल्लीवाल्याचे डोळे भरून आले. ‘तू’ आला, ‘अरे’ आला आणि मागोमाग ‘गाढवा’ही आला. सगळं सामान परत आलं.

“आणि ते गुडघे?” सासऱ्यांनी हळूच विचारलं.

“जाहिरात होती, बाबा. तेलाची.”

“तेल चांगलं आहे का?”

“अरे, चहा गार होतोय तुझा,” सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

एजंट कप ठेवून उठला. “म्हणजे दुकान नको?” मग दारातून वळून म्हणाला, “ती दहा जीबी रिकामी राहणार असेल तर सांगा. एखादं गिऱ्हाईक बघतो.”

नकाशाची घडी घालू लागलेल्या सासऱ्यांना किल्लीवाल्याने थांबवलं. “बाबा, हा मला द्याल? दुकानात लावतो. फक्त ती भिंत...”

“ती पेन्सिलीनेच काढलीय,” सासरे म्हणाले आणि खिशातून खोडरबर काढला.

दोन दिवसांनी किल्लीवाल्याने जुन्या, फुकटच्याच ब्लॉगवर तिजोरीच्या एका जुनाट कुलपावर लेख टाकला. मध्यावर तेलाची जाहिरात होतीच. संध्याकाळी उघडून बघतो तर वाचक चार! आणि खाली, दोन वर्षांतली पहिलीच प्रतिक्रिया :

‘लेख ठीक. कुलपाची लांबी दिली आहे, रुंदी दिलेली नाही. दुरुस्ती करावी. नकाशासाठी खिळा ठोकण्यास हरकत नाही. — मालक.’

किल्लीवाल्याने कुलूप उचललं आणि टेप मागायला आत गेला.